‘मी कुठे लढाईला गेले होते?’ असं म्हणणाऱ्या ताईबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमची ताई शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकारी म्हणून, चौदा वर्षं सैन्यात होती, लेफ्टनंट कर्नल म्हणून बाहेर पडली. त्याला आता दीड वर्ष झालं. परमनंट कमिशनसाठी, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या नोकरीसाठी, तिचा विचार झाला, पण ते मिळालं नाही. मिस्टर अजून नोकरीत आहेत, मुलगा सात वर्षांचा आहे. ताई रात्री दोन-तीनला उठून बसते, दारं पुन्हा पुन्हा तपासते, मुलावर अशी ओरडते की नंतर स्वतःच रडते. कॉर्पोरेटमधली नोकरी चार महिन्यांत सोडली. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणते, ‘मी कुठे लढाईला गेले होते? मला काय धाड भरलीय?’ तुम्ही विचारलंय की हा पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) आहे का, तिला दुखावल्याशिवाय मानसोपचारतज्ज्ञाकडे कसं न्यायचं, आणि याची कुठे नोंद झाली तर पुढच्या नोकरीला अडचण येईल का.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये फौजी घरातले बरेच असतात, आणि गेल्या काही वर्षांत स्वतः गणवेश घालून बाहेर पडलेल्या बायकाही येऊ लागल्या आहेत. ताईला न बघता निदान सांगता येणार नाही, तसं कोणी इथे सांगितलं तर मनावर घेऊ नका. पण तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत, त्यांच्याकडे कुठून बघायचं ते सांगू शकते.

‘पीटीएसडी आहे का’ हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. त्याचं उत्तर हो आलं काय किंवा नाही आलं काय, पहिल्या महिन्यात करायच्या गोष्टी जवळपास त्याच राहतात. आणि त्या शब्दाभोवती अडकलं की ताईचा युक्तिवाद तिच्या बाजूने पक्का होत जातो: लढाई नाही, म्हणजे आजार नाही, म्हणजे डॉक्टर नको. वास्तविक निदानाच्या निकषांमध्ये लढाईची अट कुठेही नाही. जिवावर बेतलेला प्रसंग, गंभीर इजा, लैंगिक हिंसा, यातलं काही स्वतःवर ओढवणं किंवा समोर घडताना पाहणं, किंवा कामाचा भाग म्हणून अशा घटनांच्या भयंकर तपशिलांना पुन्हा पुन्हा सामोरं जाणं, हे सगळं त्यात येतं. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधली अधिकारी गोळीचा आवाजही न ऐकता वर्षानुवर्षं फाटलेली शरीरं सांभाळते. वाहतुकीची जबाबदारी असलेली अधिकारी दरीत गेलेल्या गाडीतून आपल्याच जवानांना बाहेर काढते आणि नंतर घरच्यांना फोनही तीच करते. यांना ‘तू कुठे लढाईत होतीस’ असं दुसऱ्या कोणी म्हणायची गरजच पडत नाही, त्या स्वतःच म्हणतात.

तुम्ही लिहिलेल्यावरून मला किमान तीन शक्यता दिसतात. त्या एकमेकींत मिसळलेल्याही असू शकतात.

पहिली म्हणजे बाहेर पडण्याचं दुःख, आणि ही गोष्ट घरचे लोक फार हलक्यात घेतात. तुमच्या ताईने चोविशी-पंचविशीत ॲकॅडमी पूर्ण केली असेल. तेव्हापासून कुठे राहायचं, काय घालायचं, कोणाला काय म्हणायचं, संकटात कोणाला फोन करायचा, हे सगळं ठरलेलं होतं. अडतिशी-एकोणचाळिशीत ते एका तारखेला संपलं. पुरुष अधिकारीही यातून जातात. पण बाईच्या बाबतीत आणखी एक विचित्र प्रकार होतो, विशेषतः नवरा नोकरीत असेल तर. तेच स्टेशन, तेच क्वार्टर, तोच मेस. काल तिला सलाम करणारा गेटवरचा जवान आज तिला ‘मेमसाब’ म्हणतो. लेडीज मीटला, म्हणजे अधिकाऱ्यांच्या बायकांच्या बैठकीला, तिने यावं अशी अपेक्षा असते. कार्यालयात गेली तर विचारतात, ‘साहेब कुठल्या युनिटला?’ कोणी मुद्दाम अपमान करत नाही, आणि म्हणूनच तिला रागावताही येत नाही. मुलावर निघणाऱ्या रागातला काही भाग इथला असण्याची शक्यता मी नक्की धरेन.

त्यात परमनंट कमिशन नाकारलं जाणं. याचा इतिहास तुम्हाला थोडा माहीत असावा, कारण ताईच्या मनात तो पूर्ण उभा असणार. 1992 पासून वैद्यकीय सेवांखेरीज इतर शाखांतही महिला अधिकारी घेतल्या जाऊ लागल्या, सुरुवातीला फक्त पाच वर्षांसाठी. मुदत वाढत वाढत चौदा वर्षांपर्यंत गेली. फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया प्रकरणात महिलांनाही परमनंट कमिशनचा हक्क दिला. त्यानंतर निवड कशी झाली यावर पुन्हा प्रकरण गेलं आणि मार्च 2021 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की वापरलेली पद्धत वरून सारखी दिसत असली तरी महिलांवर अन्याय करणारी होती. गोपनीय अहवाल अशा काळात लिहिले गेले होते जेव्हा या बायकांना पुढे संधी आहे असं लिहिणाऱ्यालाही वाटत नव्हतं. ताईच्या बाबतीत नेमकं काय घडलं ते मला माहीत नाही, आणि निवड न होण्याची कारणं अनेक असतात. पण ‘आपण कमी पडलो’ आणि ‘आपल्याला कमी लेखलं गेलं’ या दोन विचारांमध्ये रात्री तीन वाजता हेलकावे खाणारी अधिकारी मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिली आहे. तिला ‘जाऊ दे ना, आता पुढचं बघ’ म्हणू नका. कोणी वारल्यावर असं म्हणत नाही आपण.

दुसरी शक्यता सांगताना जपून सांगते. काही बायकांना झालेली इजा शत्रूकडून झालेली नसते, आपल्याच माणसांकडून झालेली असते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत प्रत्येकाला विचारलं जातं की सेवेत असताना लैंगिक अत्याचार किंवा सतत धमकावणारा लैंगिक छळ झाला का. तिथे साधारण तीनपैकी एक बाई हो म्हणते, आणि पन्नासपैकी एक पुरुष. ते आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावू नका, सैन्य वेगळं, भरती वेगळी, विचारण्याची पद्धतही वेगळी. मी ते एवढ्यासाठीच सांगतेय की ही शक्यता दुर्मीळ समजून सोडून देऊ नये. असं काही घडलेलं असेल तर ज्या युनिटमध्ये जीव एकमेकांवर सोपवलेला असतो तिथेच विश्वास तुटतो, त्याच माणसासोबत रोज सकाळी परेडला उभं राहावं लागतं, आणि तक्रार केली तर आपल्यामागून येणाऱ्या मुलींची वाट बंद होईल ही भीती असते. बाहेर पडल्यावर, जेव्हा सांभाळून घ्यायचं काही उरत नाही, तेव्हा ते वर येतं.

म्हणून तुम्ही, घरचं माणूस म्हणून, हे तिला विचारू नका. ‘तुझ्यासोबत काही झालं होतं का?’ हा प्रश्न तुमच्या तोंडून नको. ती उत्तर द्यायला बांधील नाही, आणि दिलंच तर ते ऐकून घेऊन पुढे काय करायचं याची तुमची तयारी असायला हवी. तिने आपणहून सांगितलं तर मात्र दोनच गोष्टी म्हणा: माझा तुझ्यावर विश्वास आहे, आणि हे कोणाला सांगायचं ते तू ठरवशील. भावजींना सांगायचं की नाही हेसुद्धा.

तिसरी शक्यता शरीराची, आणि डॉक्टरसुद्धा ही विसरतात. एकोणचाळिशीतल्या बाईची झोप उडाली, घाम येतो, चिडचिड होते, तर थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-12 बघायलाच हवं, आणि रजोनिवृत्तीच्या आधीचे बदल सुरू झालेत का हेही. त्यावर चौदा वर्षांची पाठदुखी, गुडघे, जुने फ्रॅक्चर. सततचं दुखणं झोप खातं आणि झोप नसली की दुखणं वाढतं. बाळंतपणानंतरच्या काळाबद्दलही मी विचारते. फील्डमध्ये पोस्टिंग, मूल आजीकडे, व्हिडिओ कॉलवर वाढलेला मुलगा, असं असेल तर तेव्हाचं नैराश्य कधी कोणी ओळखलंच नसेल. आता तोच मुलगा समोर आहे आणि त्याच्यावर आवाज चढतो, याची अपराधी भावना किती असेल, विचार करा.

आता ती डॉक्टरकडे का जात नाही? तुम्हाला हट्टीपणा वाटतोय. मला त्यात चौदा वर्षांचं शिक्षण दिसतं. सैन्यात वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या सूत्राने ठरते. त्यातलं पहिलंच अक्षर मानसिक स्थितीचं. तिथे एक नंबर घसरला की लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे खालची वैद्यकीय श्रेणी, आणि मग पोस्टिंग, कोर्स, पुढची निवड, सगळ्यावर परिणाम. बाईवर तर ‘यांना झेपत नाही’ हा शेरा कोणी न लिहिताही बसतो. त्यामुळे झोप लागत नाही हे एम.एच.मध्ये, म्हणजे लष्करी रुग्णालयात, सांगायचं नसतं, ही गोष्ट तिने नोकरीतच आत्मसात केली असणार. ती आता सिव्हिलमध्ये आहे हे तिच्या डोक्याला कळतं, पण सवयीला अजून कळलेलं नाही.

आणि भीती पूर्ण निराधारही नाही. नवऱ्याची आश्रित म्हणून ती जर त्याच स्टेशनच्या लष्करी रुग्णालयात गेली, तर तिथला मानसोपचारतज्ज्ञ नवऱ्याला मेसमध्ये भेटणारा असू शकतो. माझा सल्ला असा की पहिली भेट तिथे नको. शॉर्ट सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांना 2019 पासून ई.सी.एच.एस.चं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, सदस्यत्व एकरकमी वर्गणी भरून घेता येतं. तिने ते स्वतःच्या नावावर घेतलं नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये चौकशी करा. पैशाचा फायदा आहेच, पण मला त्यात दुसराही फायदा दिसतो: ते कार्ड तिच्या स्वतःच्या सेवेचं असतं. मात्र तिथल्या रांगेला, रेफरलला वेळ लागतो. परवडत असेल तर पहिल्या दोन-तीन भेटी खाजगीत करा आणि पुढचे, जास्त दिवस चालणारे उपचार नंतर तिकडे वळवा. खाजगी समुपदेशक निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आर.सी.आय.ची क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी आहे का, आघातावरच्या उपचारांचं प्रशिक्षण आहे का, हे विचारा. बाई हवी की पुरुष चालेल हे ताईलाच विचारा. वर सांगितलेलं दुसऱ्या प्रकारचं काही असेल तर हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो, आणि कारण न विचारता तो विचारता येतो.

तिला न्यायचं कसं? ‘न्यायचं’ हा विचारच सोडा. ही बाई शंभर-दीडशे माणसांची जबाबदारी घेऊन जगलेली आहे. तिला तुम्ही हाताला धरून नेलं तर ती येणार नाही, आली तर परत जाणार नाही. झोपेपासून सुरुवात करा. ‘ताई, तू आजारी आहेस’ यापेक्षा ‘ताई, दीड वर्ष तू धड झोपलेली नाहीस, त्याचं काहीतरी करूया’ हे तिला पटण्याजोगं आहे, कारण झोप ही कामगिरीची गोष्ट आहे आणि ती भाषा तिला येते. निद्रानाशावर औषधांशिवायची एक चांगली पद्धत आहे, त्यात झोपेच्या वेळा, अंथरुणात जागं पडून राहण्याची सवय आणि झोपेबद्दलचे विचार यांवर काही आठवडे पद्धतशीर काम होतं. माझ्याकडे ज्या फौजी बायका टिकल्या, त्यातल्या बऱ्याच जणी झोपेसाठी आल्या आणि बाकीचं त्यांनी त्यांच्या वेळेने काढलं. दोन-तीन नावं काढून तिच्या हातात द्या, निवड तिची. वेळही तिलाच ठरवू द्या. आणि तिची एखादी कोर्समेट (सोबत प्रशिक्षण घेतलेली अधिकारी) असेल, आधी बाहेर पडलेली, तर तिला गाठा. तुम्ही दहा वेळा सांगून जे होणार नाही ते कोर्समेटच्या ‘मीपण जाते’ या दोन शब्दांनी होऊ शकतं.

एक धोक्याची सूचना. झोपेसाठी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम जातीच्या गोळ्या कोणी सहज लिहून दिल्या, किंवा शेजारणीच्या डब्यातून आल्या, तर त्यावर महिनोन्‌महिने राहू देऊ नका. आघातानंतरच्या त्रासात या गोळ्या मूळ दुखण्यावर काम करत नाहीत, सवय लावतात, आणि सोबत मद्य असेल तर धोका वाढतो. मद्याचं विचारायचं असतं बरं का. मेसमध्ये एक पेग हा शिष्टाचार असतो, घरी रात्री एकटीने घेतलेले तीन हा झोपेचा इलाज असतो, आणि बायका ते पुरुषांपेक्षा नीट लपवतात.

उपचारांचं म्हणाल, तर तपासणीत पीटीएसडी निघालाच तर तो बरा होण्याजोगा आहे. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी साधारण 12 सत्रांची असते. त्यात घटनेबद्दलचे घट्ट बसलेले निष्कर्ष, म्हणजे ‘माझीच चूक’, ‘कोणावरच विश्वास ठेवायचा नाही’ असे, एकेक करून तपासले जातात. प्रोलाँग्ड एक्स्पोजरमध्ये टाळलेल्या आठवणींना सुरक्षित वातावरणात, ठरवून, पुन्हा पुन्हा सामोरं जायचं असतं. ई.एम.डी.आर. ही तिसरी, त्यात आघाताची आठवण मनात धरून डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करवल्या जातात. ताईला कधी सांगायची संधी मिळाली तर हे सांगा: यातल्या पहिल्या दोन पद्धती, ज्या आज जगभर सैनिकांना दिल्या जातात, त्यांचा सुरुवातीचा अभ्यास बलात्कारातून वाचलेल्या स्त्रियांसोबत झाला. लढाईवरून आलेल्या पुरुषांना त्या नंतर दिल्या गेल्या. तेव्हा ‘हे उपचार खऱ्या सैनिकांसाठी’ असं तिला वाटत असेल तर क्रम उलटा आहे.

औषध लागलं तर सर्ट्रालिनसारखं नैराश्यविरोधी औषध सहसा आधी येतं. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगायचा, कारण काही औषधं गरोदरपणात टाळावी लागतात. आणि निदान फक्त नैराश्याचं किंवा बदलाशी जुळवून न घेता येण्याचं निघालं, तर आघातावरची थेरपी लादण्याची गरज नाही. मग उपचाराचं मुख्य काम दिवस पुन्हा बांधण्याचं असतं. तिला पगारापेक्षा जबाबदारी असलेलं काम लवकर बरं करेल असा माझा अंदाज आहे, पण ते तिच्याशी बोलूनच ठरेल.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट या आठवड्यातच करा. मरणाचे विचार येतात का हे तिला सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. ‘इतकं कंटाळल्यावर काहींना वाटतं की जगूच नये, तुला वाटतं का?’ एवढं पुरे. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी तज्ज्ञ गाठा. भावजींकडे परवान्याचं शस्त्र घरात असेल तर ते काही दिवस घराबाहेर, सुरक्षित ठिकाणी ठेवायला सांगा. शस्त्र हाताळायला शिकलेल्या माणसाच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे. टेली मानस ही सरकारी मोफत सेवा 14416 वर दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. तुम्ही स्वतःही सल्ल्यासाठी फोन करू शकता. तातडी असेल तर 112.

आता नोंदीचा प्रश्न. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 23 नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे, ठरावीक अपवाद सोडून. खाजगी कंपनीला तिची फाइल परस्पर मिळत नाही. त्याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवायला सांगितलंय. पण अर्जात किंवा वैद्यकीय तपासणीत थेट प्रश्न असेल तर खोटं लिहू नये, ते नंतर जास्त महागात पडतं. काही कामं वेगळी आहेत: विमान उडवण्याचा परवाना, शस्त्र बाळगावं लागणारं सुरक्षेचं काम. तिथे निदान आणि औषध दोन्हींचा परिणाम होतो, म्हणून तसा बेत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

कागदांचं एक राहिलं. बाहेर पडताना तिचा रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे सेवा सोडतानाची वैद्यकीय तपासणी, झाला असेल. त्याची प्रत आणि सेवेतले जुने वैद्यकीय कागद एका फाइलमध्ये असू द्या. पुढे त्रासाचा संबंध सेवेशी जोडला गेला आणि तिला अपंगत्वाच्या लाभासाठी दावा करावासा वाटला, तर ते लागतील. मात्र हा विषय तुम्ही आत्ता काढू नका. आजाराचा दाखला मिळवण्यासाठी डॉक्टरकडे चाललोय असं तिला वाटलं तर ती पहिल्याच पायरीवरून मागे फिरेल.

ती दोन-तीन महिने तयारच झाली नाही तर तुम्ही आणि भावजी एकेकदा जाऊन या. घरच्यांनी आधी भेटायला हरकत नसते, आम्ही ती भेट रुग्णाच्या नावाने लिहीत नाही. मुलाशी कसं बोलायचं हेही तिथे विचारा. सात वर्षांच्या पोराला ‘आईला नीट झोप लागत नाही म्हणून ती चिडते, तुझ्यामुळे नाही’ एवढं कळतं, आणि ते त्याला कोणीतरी आजच सांगायला हवं. तिची भेट ठरली आणि तिला आधी काही विचारायचं असेल तर तिने इथेच दुसऱ्या नावाने लिहिलं तरी चालेल, मी उत्तर देईन.